गिरजा आणि गिरणीची भिंत

माझी बायको शांत आणि सोशिक होती, असं तिच्या दहाव्याला एक जण उभा राहून बोलला. चांगला शिकलेला माणूस, गळ्यात उपरणं, आवाज भरून आलेला. मी तिथंच म्हटलं, "खाली बसा. तुमी दुसऱ्याच बाईचं सांगून राह्यले." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. डोकं ठिकाणावर होतं. मेलेल्या माणसाला लोक धुऊनपुसून, तेल लावून, भांग पाडून असं उभं करतात की तो आपल्या ओळखीचाच राहत नाही. गिरजाचं मी तसं होऊ देणार नाही. माझी शाळा दुसरीत सुटली, अक्षर वाकडं आहे. पण ती गेल्यापासून घरात माझ्याशी कोणी भांडत नाही. ही शांतता मला सोसत नाही. म्हणून लिहितो.

गिरजा माझ्यापेक्षा उंच होती. लग्नात अंतरपाट धरला तेव्हा तिचं कपाळ वरून दिसत होतं, आणि माझा मामा भटजीला म्हणाला होता, "जरा वर धरा बावा, नवरी पाहून राह्यली." हात मोठे, बोटं लांब. चूल तिला कधी जमली नाही. भाकर करपायची. करपली म्हटलं तर भांडण, आणि गुपचूप खाल्ली तर जास्त भांडण. "काऊन बोलत नाई? चांगली झाली का?" असं विचारायची. खोटं तिला चालत नसे, आणि खरं ऐकून घ्यायची तयारी असेच असंही नाही.

आणखी एक. ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नसे, हाताकडे पाहायची. गावात नवीन आलेल्या माणसाचा चेहरा तिला दुसऱ्या दिवशी ओळखू येत नसे, पण हात ओळखू यायचे. "तोंडाले काय पाह्याचं? तोंड काहीबी सांगते," म्हणायची.

सुलतानपूरच्या रस्त्याला आमचं गाव. महाराष्ट्र नवानवा झाला होता, शाळेत पोरांना पेढे वाटले होते, त्याच्या थोडं पुढं-मागं मी पिठाची गिरणी टाकली. वीज नव्हती. डिझेलचं इंजिन, मोठं चाक, पट्टा, आणि छपराच्या वर धुराड्याच्या तोंडाला टोपण. इंजिन लागलं की त्या टोपणाचा आवाज शिवारापर्यंत जायचा आणि बाया डोक्यावर टोपली घेऊन निघायच्या. इंजिन बसवायला आणि बिघडलं की उघडायला देऊळगाव राजाहून रंगनाथ मिस्त्री यायचा. राज्य बदललं होतं, मिस्त्री तोच होता.

रंगनाथची एक रीत होती. इंजिन उघडायचं म्हटलं की आधी दोरी बांधायची, दोरीवर पोतं टाकायचं, आणि पोत्याच्या आड जायचं. आत काय करतो ते कोणाला दिसू द्यायचं नाही. मलाही नाही, आणि इंजिन माझं. सगळेच मिस्त्री तेव्हा तसं करत. मी आपला बाहेर बसून बिडी ओढायचो. मला ते रीतीचंच वाटायचं.

पहिल्यांदा इंजिन बंद पडलं तेव्हा रंगनाथनं पोतं टाकलं आणि आत गेला. गिरजा चाळणी ठेवून उठली, पोतं वर केलं आणि आत जाऊन उभी राहिली.

"बाई, बाह्यर जा. इथं तेल उडते."

"उडू द्या. लुगडं माह्यं हाय."

"हे बायांचं काम नाई."

"दळन बायांचंच काम हाय. जातं होतं तवर आमचं होतं. मशीन आलं तं ते गड्यायचं कसं झालं बावा?"

रंगनाथ माझ्याकडे पाहून म्हणाला, "श्रीपतराव, सांगा हिले."

मी म्हटलं, "मी सांगून पाह्यलं असतं, पन मले घरी जेवाचं हाय."

तो हात बांधून बसून राहिला. तीही उभी राहिली. बाहेर दळणाच्या टोपल्यांची रांग लागली होती आणि बाया तिथून आवाज देत होत्या. शेवटी त्यानंच पाना उचलला. मुद्दाम पाठ करून काम केलं. ती फिरून दुसऱ्या बाजूला गेली. तो वळला की ती वळायची. इंजिनाला दोघांनी अशा प्रदक्षिणा घातल्या, आणि काम संपल्यावर तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "ती नळी काढून फुकली, ते कायले?"

"असंच असते."

"कसं?"

हा तिचा 'कसं' मोठा वाईट. असंच असते म्हणणाऱ्याला ती सोडत नसे. रंगनाथ न सांगता पेटी उचलून एस.टी.ला निघाला तर ती रस्त्यापर्यंत मागं गेली. गाडी यायला वेळ होता. तिथं उभ्यानं त्याच्याकडून वदवून घेतलं की नळीत कचरा अडकतो, तो फुंकून काढला की तेल जातं. परत आली ती लिहायचं म्हणून. ती चौथी शिकलेली होती, माझ्यापेक्षा दोन यत्ता वर. घरात कागद नव्हता. गेरूची वाटी होती, दिवाळीची उरलेली. इंजिनामागची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारलेली होती. तिनं काडीला कापूस गुंडाळला आणि भिंतीवर लिहिलं: तेल येत नसेल तर नळी काढून फुंका. खाली लिहिलं: रंगनाथ मिस्त्री, देऊळगाव राजा.

तिथून सुरू झालं ते.

मग तिला नादच लागला. ज्याला म्हणून यंत्राचं काही कळतं त्याला ती गाठायची. रस्त्यावर ट्रक बंद पडला की ड्रायव्हरला पाणी घेऊन जायची आणि पाण्याच्या बदल्यात एक युक्ती घेऊन यायची. नांदुऱ्याला तिचं माहेर, भाऊ सरकी काढायच्या कारखान्यात कामाला. दिवाळीला माहेरी गेलेल्या बाया लुगडं घेऊन येतात. ही आली ती पिशवीत राळेचा खडा घेऊन. पट्टा चाकावरून घसरायचा, तर राळेचा भुगा टाकला की तो धरून राहतो, हे तिला तिथल्या बन्सी फिटरनं सांगितलं होतं. मी विचारलं, "लुगडं कोठं हाय?" म्हणाली, "भावानं देल्लं, वयनीले देऊन आली. ओझं कोन वागवते?" खडा मात्र रेल्वेत आणि एस.टी.त मांडीवर घेऊन आली होती.

भिंतीचे तिचे कायदे होते. आपल्या हातानं करून पाहिल्याशिवाय भिंतीवर काही चढायचं नाही. ज्यानं सांगितलं त्याचं नाव गाव खाली पाहिजेच, तो राहो नाहीतर मरो. आणि ज्याच्या कामी ती युक्ती पडली त्यानं तिच्या खाली बोटानं गेरूचा एक ठिपका लावायचा. तोवर पंचक्रोशीतले गिरणीवाले, मोटेच्या ठिकाणी नवीन इंजिन बसवलेले शेतकरी, सगळे येऊन ती भिंत वाचायला लागले होते. कोणी गाडी जुंपून यायचा, कोणी सायकलवर. येणाऱ्याला ती चहा विचारत नसे, "काय बिघडलं?" विचारायची. भिंत सगळ्यांची होती. कोणाकडून काही घ्यायचं नाही, पण ठिपका न लावता जो जाईल त्याला ती वेशीपर्यंत शिव्या घालायची.

दिवाळीच्या आधी घराबरोबर गिरणीही पोतारायची आमच्याकडे रीत आहे. तेव्हा भिंत सगळी पांढरी व्हायची. पोतेऱ्याच्या आधी ती कंदील धरून एकेक ओळ वाचायची. ठिपके असतील ती ओळ तोंडपाठ करायची आणि भिंत वाळल्यावर परत लिहायची. वर्षभरात एकही ठिपका आला नाही ती ओळ गेली. कितीही कष्टानं मिळवलेली असो. एकदा मी म्हटलं, "राहू दे वं, जागा हाय." म्हणाली, "जागेचं नाई. खोटं वझं वाढलं का खरं सापडत नाई."

आम्हाला लेकरू झालं नाही. त्यावरून लोक म्हणायचे, भिंत हेच तिचं लेकरू. बकवास. लेकराला कोणी दर दिवाळीला पुसून काढत नाही.

रंगनाथला हे सगळं सलत होतं. ते मी समजू शकतो. एकदा तो येऊन बसला आणि सरळ बोलला, "बाई, माह्यं पोट या हातावर हाय. तुमी सारं भिंतीवर मांडलं तं मी काय खाऊ?"

ती म्हणाली, "तुमचं नाव लिवलं हाय का नाई खाली? लोकं नाव वाचूनच तुमाले बलावतात. पोत्याच्या आड कोन पाह्यते तुमाले?"

त्याला ते पटलं नव्हतं.

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो, ज्यात आम्ही बुडालो असतो.

नदीच्या पलीकडच्या गावात दौलत म्हणून एक जण होता. बौद्ध घरातला. त्यांच्या वस्तीतल्या बायांचं दळण गावची गिरणी सगळ्यात शेवटी घ्यायची, कधी दिवस मावळला म्हणून घ्यायचीही नाही. दौलत आणि त्याच्या भावांनी मिळून एक जुनं इंजिन आणलं, आमच्याच जातीचं, आमच्याच मापाचं, आणि वस्तीत गिरणी टाकली. त्याच्याकडे मिस्त्री सहसा जायला पाहत नसत. तो आमच्या भिंतीवर इंजिन शिकला. येऊन उभा राहायचा, ओठ हलवत वाचायचा, ठिपका लावायचा आणि जायचा. बोलणं कमी. गिरजाला त्याचे हात आवडायचे. म्हणायची, "हा मानूस नट पिळत नाई, इचारून फिरवते."

उन्हाळ्यात एका सकाळी तो बैलगाडीत एक जड वस्तू पोत्यात गुंडाळून घेऊन आला. पोतं सोडलं. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड लोखंडी झाकण. आडवी चीर गेलेली.

"काकू, भिंतीवर होतं तसंच केलं म्या," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

भिंतीवर होतं: इंजिन फार तापलं तर बंद करून गार पाणी घाला. रंगनाथ मिस्त्री, देऊळगाव राजा. आदल्या पावसाळ्यात आमचं इंजिन तापून अडलं होतं तेव्हा रंगनाथनं हेच केलं होतं. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि नंतर एकदा स्वतः करूनही पाहिलं होतं. दौलतनं तसंच केलं आणि हेड काचेच्या भांड्यासारखं तडकलं.

गिरजा जमिनीवर बसली. त्याला म्हणाली, "सांग. तू काय केलं, एकेक सांग." त्यानं सांगितलं. तापलं, बंद केलं, पाणी ओतलं. मग माझ्याकडे वळली. "आयकलं का, रंगनाथ आल्ता तवा त्यानं काय काय केलं?"

"काय केलं म्हंजे? आला, हात लावला, शिव्या देल्या, पानी टाकलं."

"मधात काय केलं?"

"मधात काही नाई. चहा मांगतला तुले. तू बनवला. करपट लागते म्हने."

"मंग?"

"मंग बिडी पेली. मले एक देल्ली."

ती उठली. "अन म्या करून पाह्यलं तवा?"

मी आठवलं. तेव्हा तिनं आधी विहिरीवर जाऊन पाण्याचा हंडा भरून आणला होता. विहीर गावाच्या खालच्या अंगाला, जाऊन यायला वेळ.

"चहा हाच इलाज होता," ती म्हणाली. "पानी नाई. म्या पान्याकडं पाह्यत राह्यली. तो बसून राह्यला, तवर हेड निवलं, ते म्या लिवलंच नाई."

कोणताही मिस्त्री आला की आधी चहा पितो. ते कामाच्या आधीचं आहे, कामातलं नाही, असंच कोणीही धरलं असतं. आमच्या भागात तरी.

बातमी देऊळगाव राजाला जायला वेळ लागला नाही. तिसऱ्या प्रहरी रंगनाथ आला, बरोबर गावातले चार मोठे लोक. तो भिंतीसमोर उभा राहिला आणि हसला.

"मी चहा कायले पेलो होतो मंग? चव घ्याले?"

"सांगतलं काऊन नाई?"

"इचारलं कोनं? तुमी तं पाहून लिवनाऱ्या." मग तो लोकांकडे वळला. "पाहा. आज हेड तडकलं, उद्या कोनाचा हात जाईन. ही भिंत पुसा. नाईतं मी सांगून जातो, या भागातला एक बी मिस्त्री हिच्या गिरनीत पाय ठेवनार नाई."

लोक माझ्याकडे पाहायला लागले. त्यांना घरधनी बोलायला पाहिजे होता. मी म्हटलं, "भिंत तिची हाय." एवढंच बोललो. माझं काम तेवढंच होतं.

गिरजानं गेरूची वाटी आणली. ती ओळ पुसली नाही. तिच्यावर आडवी रेघ मारली, अशी की खालचं वाचता यावं. आणि बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं: हे चूक. असं केल्यानं दौलतचं हेड तडकलं. आधी चहा प्या, बिडी प्या, हेडवर हात ठेवून पाहा. हात ठेववला तरच पाणी. चूक लिहिणारी गिरजा. त्याखाली: पुरं सांगणारा रंगनाथ मिस्त्री, देऊळगाव राजा.

रंगनाथनं वाचलं. त्याचं हसू गेलं. स्वतःचं नाव त्याला दोनदा वाचावं लागलं.

"पुसनार नाई?"

"चूक पुसली तं दुसरा येऊन तेच करीन. राहू द्या तिले भिंतीवर. मले लाज नाई."

ते निघून गेले. मला वाटलं, झालं. पण ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "पाना घ्या. आपलं हेड काढा."

"कायले?"

"दौलतले देयाले."

"अन आपलं इंजिन?"

"आपलं राहीन बंद. आपल्या भिंतीनं त्याचं मोडलं."

मी तिला त्या दिवशी जे जे बोललो ते लिहीत नाही. बोलता बोलता नट मात्र खोलत होतो. दौलत नको नको म्हणत होता. ती त्याला म्हणाली, "तुह्या वस्तीतल्या बाया पुन्हा त्या गिरनीच्या दारात बसवू का? उचल." आम्ही तिघांनी मिळून आमचं हेड त्याच्या गाडीत ठेवलं. गाडी नदीकडे उतरेपर्यंत ती दारात उभी होती. मग आत आली आणि थंड इंजिनाला फडकं मारायला लागली.

नवीन हेड जालन्याहून मागवलं. ते यायला किती दिवस लागतील कोणी सांगेना. गिरणी बंद. टोपणाचा आवाज बंद. गावातल्या बायांनी माळ्यावरची जाती खाली काढली. जात्याची सवय सुटलेली, तळहाताला फोड आले. शेजारची सखू तर भर उन्हात चार जणींना घेऊन दारातच आली.

"गिरजे, तुह्या भिंतीपायी आमचे हात सोलले. पुस ना वं ते. काय कुरान-पुरान लिवलं हाय का तठी?"

"सोलले तं तूप लाव."

"तुले काय! नवरा ऐकते तुहं."

"अन नदीपलीकडच्या बायांचे हात कायचे हायेत वं? लोखंडाचे? त्या रोज दळत होत्या तवा तुही झोप मोडली का?"

सखू चिडली. "मंग दे आमचं पीठ!"

"आन इकडं," गिरजा म्हणाली आणि सखूच्या डोक्यावरची टोपली हिसकून घेतली. घरचं जातं गिरणीत आणून बंद इंजिनाच्या शेजारी मांडलं आणि दळायला बसली. सखू थोडा वेळ कमरेवर हात ठेवून पाहत राहिली, मग शिव्या देत समोर बसली आणि खुंटा धरला. दोघी दळत होत्या आणि भांडत होत्या. पीठ जाडंभरडं निघालं. गिरजाचं हे काम भाकरीइतकंच वाईट होतं.

घरात आमचंही भागत नव्हतं. गिरणी सोडली तर दुसरं काही नव्हतं. भिंत पुसली असती तर रंगनाथनं दुसऱ्या दिवशी जालन्याहून हेड आणून दिलं असतं, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि गावाला माहीत होतं. येणाजाणारा मला बाजूला घेऊन तेच सांगायचा. मी म्हणायचो, "तिले सांगा." कोणी सांगत नसे.

हेड आलं एस.टी.च्या टपावरून. बसवायला मिस्त्री आला नाही. रंगनाथनं शब्द पाळला होता. मग आम्ही दोघांनी बसवायला घेतलं, भिंत वाचत वाचत. ती वाचायची, मी करायचो. पॅकिंग घातलं, हेड चढवलं, नट कसले. हँडल मारलं. इंजिन दोन उचक्या देऊन बसलं. हेडच्या बाजूनं फुसफुस हवा. काढलं, परत बसवलं. परत हवा. भिंतीवर त्यापुढं काही नव्हतं. नट कसे कसायचे हे कोणीच सांगितलं नव्हतं, कारण ते रंगनाथ पोत्याच्या आडच करायचा, पोतं हटल्यावर तर पाठ करून. दारात लोक जमले होते. कोणीतरी म्हणालं, "इचारा आता भिंतीले."

तेवढ्यात दौलत आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. हेड आल्याचं कळलं म्हणून आला. इंजिनाजवळ बसला, फुसफुस ऐकली आणि म्हणाला, "काकू, तुमचं हेड मी नेलं तवा माह्याबी असंच झालं. एकाकडून नट कसत गेलो तं दुसरीकडून हेड उचलते. मंग म्या समोरासमोर कसले. एक इकडला, मंग त्याच्या समोरचा. एकदम नाई. थोडे थोडे, पुन्हा फिरून तसेच."

"कर," ती म्हणाली.

त्यानं पाना घेतला. तिचे डोळे त्याच्या हातावर. मी हँडल मारलं. चाक फिरलं, एकदा धाप लागल्यासारखं झालं, आणि छपरावरचं टोपण वाजायला लागलं. इतके दिवस तो आवाज नव्हता, तर कावळे उडाले.

गिरजानं गेरूची वाटी उचलली. मला वाटलं, लिहील आता. तिनं वाटी आणि काडी दौलतपुढे धरली. "लिव."

"मी?"

"मले कोठं माहीत होतं? तुले माहीत हाय. तू लिव."

भिंतीवर तोवर तिच्याशिवाय कोणी लिहिलं नव्हतं. दारातून एक जण बोलला, "त्याच्या हातानं? गिरनीच्या भिंतीवर?"

गिरजानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्याच्या हातानं नट बसला तवा कोठं गेल्ता बे तू? इंजिन आयकू येते का? ते त्याच्या हाताचं हाय. पीठ पाह्यजे असन तं टोपली आन, नाई पाह्यजे तं जातं घरी हाय."

माणूस टोपली आणायला गेला. दौलतनं लिहिलं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. खाली नाव लिहिताना थांबला, तर ती म्हणाली, "नाव लिव, गाव लिव. कायद्यानं." मग स्वतः बोट बुडवून त्याच्या ओळीखाली पहिला ठिपका तिनंच लावला.

त्यानंतर भिंत खरी सगळ्यांची झाली. ज्याला नवीन काही सापडे तो येऊन लिहून जायचा. अक्षरं निरनिराळी, वर-खाली, काही उलटी-सुलटी. ती शुद्धलेखन पाहत नसे, करून पाहायची. चूक निघाली की रेघ मारून बाजूला खरं लिहायची आणि लिहिणाऱ्याला भर बाजारात सांगायची. रंगनाथ मिस्त्री परत आमच्या गिरणीत आला नाही. त्याचा मान राहिला, आमची भिंत राहिली. बाकीचे मिस्त्री एकेक करून यायला लागले, आधी चोरून, मग उजेडी. त्यातल्या एकानं तर स्वतःहून विचारलं होतं, "माह्यं नाव कोठं लिवनार?"

पिठानं तिची छाती भरत गेली. खोकला पहिल्यांदा हिवाळ्यापुरता होता, मग बारा महिने झाला. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, पिठाच्या धुळीत जाऊ नका. ती म्हणाली, "बरं." आणि घरी येऊन गिरणीत जाऊन बसली. मी भांडलो. खूप भांडलो. आज वाटतं, ते भांडण तरी अजून चालू असतं.

शेवटच्या दिवाळीला तिला उभं राहवत नव्हतं. पोतारायचा दिवस ठरला तसे गावोगावचे गिरणीवाले आणि इंजिनवाले आले. ते आता दरवर्षी यायचे. कोणती ओळ ठेवायची, कोणती घालवायची यावर ते भांडायचे, आणि ती मधे पोत्यावर बसून कोणाचंच ऐकायची नाही. दौलत वाचत होता. ओळीमागून ओळ, ठिपके आहेत, ठिपके नाहीत.

एका ओळीशी तो थांबला. ती तिची एकटीची होती, कोणाकडून घेतलेली नाही, तिनंच शोधून काढलेली, थंडीत इंजिन लवकर लागावं म्हणून तेल कोमट करायची. खाली फक्त नाव होतं: गिरजा. नवीन इंजिनांना तिचं काम पडत नव्हतं. वर्षभरात एकही ठिपका नव्हता.

दौलत पुढं वाचायला लागला.

"काऊन सोडली?" ती म्हणाली.

"काकू, ते राहू द्या. तुमचं हाय."

"ठिपका हाय का?"

मोठमोठे गडी, खाली पाहत उभे. एक जण म्हणाला, "गिरजामाय, एक ओळ राह्यली तं काय बिघडते? तुमची आठवन राहीन."

"मी अजून मेली नाई बे, आठवन कायले ठेवता?"

ती उठली. मी हात द्यायला गेलो तर झिडकारला. भिंतीला धरून धरून तिथपर्यंत गेली. धाप लागली, थांबली. बादलीतलं पोतेरं कोणी तिच्या हातात देईना, तर वाकून तळहातच पांढऱ्या मातीत बुडवला आणि स्वतःच्या नावावर आडवा फिरवला. नाव गेलं. तोल सावरायला तिथंच हात टेकला, तर तिच्या पाच बोटांचा ओला ठसा उमटला, मोठा. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले, मीही पाहत राहिलो.

तिनं आमच्याकडे पाहिलं, मग ठशाकडे. परत हात मातीत बुडवला आणि तोही सारवून टाकला.

"वाळू द्या," ती म्हणाली, "मंग लिवा."